७२, ७९, ८८ की १२०? बडोद्यातल्या एका टीमचं ओळीच्या लांबीवरचं भांडण

मकरपुरा जीआयडीसीजवळच्या एका छोट्या ऑफिसातलं हे प्रकरण आहे. माणसं दहाच्या आत, आणि काम म्हणजे हीट एक्स्चेंजरचं (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राचं) डिझाइन करून देणारं सॉफ्टवेअर. बडोद्याच्या आजूबाजूला रिफायनरी आहे, खताचे कारखाने आहेत, नंदेसरीला केमिकलवाले आहेत, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नाही. मी तिथे पायथनचा भाग बघतो. कोडचे दोन थर आहेत, आतला हिशोब जुन्या फोर्ट्रानमध्ये आणि त्याच्यावर पायथन, दोघांना जोडायला नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीबरोबर येणारं एफटूपाय हे टूल. आतलं फोर्ट्रान ज्यांनी लिहिलंय ते काका रिटायर झाल्यावरही कन्सल्टंट म्हणून येतात, पंच कार्डांवर प्रोग्राम लिहिलेला माणूस. बाकी आम्ही काही मराठी, काही गुजराती, ऑफिसातलं बोलणं कुठल्या भाषेत सुरू होऊन कुठल्या भाषेत संपेल ते सांगता येत नाही.

एका ओळीत जास्तीत जास्त किती अक्षरं असावीत यावरून आमच्याकडे महिनाभर जुंपली होती. असा वाद प्रत्येक टीममध्ये कधी ना कधी होतोच, पण सगळे तो आकड्यावर घालतात आणि तिथेच फसतात. माझं म्हणणं असं की आकडा सगळ्यात शेवटी ठरवायचा, आधी हे बघायचं की हा कोड सगळ्यात अरुंद खिडकीत कोण वाचतंय. आम्हाला तिथपर्यंत पोचायला वेळ लागला कारण वादाची सुरुवातच भलत्या ठिकाणाहून झाली.

सुरुवात झाली फोर्ट्रानपासून. एका क्लायंटच्या इंजिनिअरने हाताने केलेला हिशोब आणि आमच्या प्रोग्रामचं उत्तर जुळेना, आमच्याकडे एरिया, म्हणजे उष्णता जिथून पार होते तो पृष्ठभाग, जरासा कमी येत होता. एवढा कमी नाही की बघताक्षणी खटकावा, पण दरवेळी कमीच, जास्त कधीच नाही. दोन-तीन दिवस सगळे कोरिलेशनच्या, म्हणजे प्रयोगांवरून बसवलेल्या सूत्रांच्या, मागे लागले, प्रॉपर्टी तपासल्या, टेस्टिंगवाल्या ताईंनी जुन्या केसेस परत चालवल्या. शेवटी कूलिंग वॉटरच्या बाजूचा फाउलिंग फॅक्टर बघितला, म्हणजे साचलेल्या थराचा उष्णतेला होणारा अडथळा. तिथे नेहमीचा आकडा ०.०००३५, चौरस मीटर केल्विन प्रति वॉट. फाइल उघडली तर स्क्रीनवर ०.०००३५ असंच लिहिलेलं, अगदी स्वच्छ. डीबगरमध्ये (चालू प्रोग्रामच्या आत डोकावायचं टूल) व्हॅल्यू बघितली तर ०.०००३. शेवटचा ५ गायब.

काकांना दाखवलं तर त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही, त्यांनी कर्सर त्या ५ वर नेला आणि खालच्या पट्टीत कॉलमचा नंबर वाचला. ७३. आणि मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "झालं. कापलाय तो."

ज्यांनी फोर्ट्रानचा जुना फिक्स्ड फॉर्म बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिले पाच कॉलम लेबलसाठी, सहाव्यात काही लिहिलं तर ती आधीच्या ओळीचीच पुढची ओळ, सातपासून बहात्तरपर्यंत खरं स्टेटमेंट, आणि ७३ ते ८० मध्ये तुम्ही काहीही लिहा, कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, तिकडे बघतच नाही. हे कुठून आलं? आयबीएमचं ८० कॉलमांचं कार्ड १९२८ चं. फोर्ट्रान १९५७ मध्ये आलं ते आयबीएम ७०४ या मशीनसाठी, तिचा वर्ड ३६ बिटांचा, आणि कार्ड रीडर कार्डाच्या प्रत्येक आडव्या रांगेतून दोन वर्ड उचलायचा, म्हणजे ७२ कॉलम. उरले आठ. त्या आठात कार्डांचे क्रमांक पंच करायची पद्धत पडली, कारण गठ्ठा हातातून सटकून जमिनीवर पसरला तर तो परत ओळीने लावता यायला हवा. मशीन गेलं, कार्डं गेली, पण ७२ ची हद्द भाषेत राहून गेली.

आमच्याकडे झालं एवढंच की कोणीतरी त्या भागाभोवती एक नवा इफ ब्लॉक घातला, आणि एडिटरने शहाण्यासारखं आतल्या सगळ्या ओळी दोन जागा उजवीकडे सरकवल्या. शेवटचा ५ आधी ७१ व्या कॉलमात होता तो ७३ वर गेला. आता त्या जागी एखाद्या व्हेरिएबलचं नाव असतं किंवा बंद कंस असता तर बहुधा कंपायलर तरी ओरडला असता, पण ०.०००३ हा पण आकडाच आहे, कंपायलरला त्यात वावगं काय दिसणार. जीफोर्ट्रान या कंपायलरमध्ये ओळ कापली जात असेल तर वॉर्निंग मिळते, पण जुन्या कोडवर इतक्या वॉर्निंग यायच्या की बिल्ड स्क्रिप्टमध्ये त्या सगळ्याच कधीतरी बंद करून ठेवलेल्या. हिशोब करून बघा, यू, म्हणजे उष्णता पार होण्याचा एकूण गुणांक, सातशेच्या आसपास असेल आणि एकूण रेझिस्टन्समधून ०.००००५ निघून गेले तर एरिया साडेतीन टक्के कमी निघतो. नशीब की काम फॅब्रिकेशनला जायच्या आधी पकडलं गेलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये काका म्हणाले, "म्हणून मी कायम सांगत आलोय, ओळ बहात्तरला संपली पाहिजे. सगळीकडे. पायथनमध्येसुद्धा."

आणि इथून भांडण सुरू.

आमच्यातला सगळ्यात लहान मुलगा, गुजराती आहे, हुशार, टेबलावर २७ इंची मॉनिटर, तो म्हणाला, "पण काका, पायथनमां तो कंई कपातुं नथी. शुं फरक पडे?" त्याला १२० हवे होते. आधी तो पीएचपीत काम करायचा, तिथल्या पीएसआर-१२ या स्टाइल गाइडमध्ये सॉफ्ट लिमिट १२० चं आहे, त्याला तीच सवय. ताई म्हणाल्या की पायथनचा स्वतःचा स्टाइल गाइड आहे, पेप-८, त्यात ७९ सांगितलेत, मग आपण का डोकं चालवायचं. त्यावर हा म्हणाला की त्याच पेप-८ मध्ये पुढे लिहिलंय की टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जा. ताई म्हणाल्या, एकमत आहे कुठे?

काकांचा मुद्दा चुकीचा नव्हता, चुकीच्या जागी होता. फोर्ट्रानमधलं ७२ हा कायदा आहे, मोडला तर प्रोग्राम वेगळं उत्तर देतो. पायथनमधलं ७९ काय किंवा १२० काय, हा शिष्टाचार आहे, मोडला तर वाचणाऱ्याला त्रास होतो, बाकी काही नाही. पण नुकताच एवढा मोठा घोळ निस्तरला होता, त्यामुळे पहिले दोन आठवडे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात यायच्या, पायथनच्या ओळीबद्दल बोलायला घेतलं की कोणीतरी त्या ५ ची आठवण काढायचं आणि समोरचा गप्प व्हायचा. पटून नाही, घाबरून.

मग दाखल्यांची फेरी झाली. हा मुलगा घेऊन आला की लिनक्स कर्नलने २०२० मध्ये ८० चा हट्ट सोडला, चेकपॅच हे त्यांचं तपासणीचं टूल आता १०० च्या वर गेल्यावर बोलतं, आणि कर्नलचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स स्वतः म्हणाला की उगाच ओळी तोडण्यात अर्थ नाही. काकांच्या बाजूने कोणीतरी तेच डॉक्युमेंट उघडून दाखवलं की बाबा, पसंतीचं लिमिट म्हणून तिथे अजून ८०च लिहिलंय, फक्त वाचनीयता खरोखर वाढत असेल तर पुढे जायची मुभा आहे. गो भाषेचा फॉरमॅटर, म्हणजे कोड आपोआप नीट मांडणारा प्रोग्राम, लांबीचं काही बघतच नाही. रस्टचा १०० धरतो. गूगल जावाला १०० म्हणतं आणि पायथनला ८०. जँगो या पायथन फ्रेमवर्कवाले वर्षानुवर्षं ११९ पर्यंत जायचे, २०२२ मध्ये ब्लॅक फॉरमॅटर लावला आणि ८८ वर आले. म्हणजे ज्याला जे हवं त्याला तो दाखला मिळाला, आणि आम्ही होतो तिथेच राहिलो.

माझ्या मते असे दाखले आणून काही साधत नाही, कारण तो आकडा ज्या घरात राहतो त्या घरातले बाकीचे नियम आपल्याकडे नसतात. कर्नलमध्ये टॅब आठ जागांचा आहे. तीन पायऱ्या आत गेलात की २४ जागा गेल्या, आणि तीनच्या पुढे गेलात तर तुमचं फंक्शनच चुकलंय असं ते लोक सरळ सांगतात, म्हणजे तिथे ८० चं लिमिट हे लांबीपेक्षा खोलीवर नजर ठेवायला आहे. शिवाय तिथले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मेलवरून फिरतात आणि मेलमध्येच वाचले जातात. आमच्याकडे यातलं काय आहे? काहीच नाही. आमच्याकडे चार जागांचं इंडेंट (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा), क्लासच्या आत मेथड, ओळ सुरूच होते आठ जागा सोडून.

आणि आमच्याकडे नावं लांब. ही गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, एका दुपारी काकांचा फोर्ट्रान आणि माझा पायथन शेजारी शेजारी उघडला तेव्हा ती दिसली. फोर्ट्रान ७७ च्या स्टँडर्डमध्ये नाव सहा अक्षरांपर्यंतच चालायचं. काकांची सगळी व्हेरिएबल्स पाच-सहा अक्षरांची, एका ओळीत आख्खं समीकरण बसतं आणि जागा उरते. तीच गोष्ट पायथनमध्ये आम्ही शेल साइड फाउलिंग रेझिस्टन्स असं पूर्ण लिहितो, मधल्या अंडरस्कोअरसकट २९ अक्षरं. ७९ मधून इंडेंटचे आठ वजा केले की उरले ७१, त्यात अशी दोन नावं आणि मधे अधिकचं चिन्ह टाकलं की संपलं, तिसरं नाव बसत नाही. ७२ चं लिमिट सहा अक्षरी नावांच्या जगात प्रशस्त होतं. आम्ही नावं चौपट-पाचपट केली आणि लिमिट तेच ठेवा म्हणत होतो.

ताणून धरलेल्या लिमिटचं काय होतं हे पण कोडमध्ये दिसत होतं. मागे कोणीतरी ७९ चा चेक लावून ठेवलेला, तो पास व्हावा म्हणून मुलांनी नावं छाटली होती. एका फाइलमध्ये टी१, टी२, टी३, टीएक्स, आणि टीएक्स म्हणजे टेंपरेचर क्रॉस की एक्झिट टेंपरेचर हे लिहिणाऱ्यालाच आठवेना. काही ठिकाणी ओळ बॅकस्लॅशने तोडलेली. आणि एरर मेसेज मधोमध दोन तुकड्यांत.

तो मेसेजचा किस्सा सांगतोच. साइटवर जाणारा आमचा मुलगा नंदेसरीहून फोन करून सांगत होता की स्क्रीनवर अमुक मेसेज आलाय, प्रेशर ड्रॉप अलाउएबल लिमिटच्या बाहेर वगैरे. मी तो मेसेज आख्खा कोडमध्ये शोधला, सापडेना. अर्धा शोधला, सापडेना. तो म्हणतोय दादा, समोर लिहिलेलं आहे, मी वाचून दाखवतोय. शेवटी नुसता एक शब्द शोधला तेव्हा कळलं की ७९ मध्ये बसवायला कोणीतरी ते वाक्य बरोब्बर अलाउएबल आणि लिमिटच्या मधे तोडलं होतं आणि दोन स्ट्रिंग एकाखाली एक ठेवल्या होत्या. कर्नलच्या स्टाइलमध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय की युजरला दिसणारे मेसेज कधीही तोडू नका, ग्रेप करता, म्हणजे कोडमध्ये शोधता, येत नाही. दाखल्यांना मी वर नावं ठेवली, पण हा दाखला घेण्यासारखा, कारण त्यामागची अडचण आपल्याकडे पण तीच आहे. मेसेज आणि यूआरएल लिमिटमधून बाहेर, यावर मात्र सगळे एका मिनिटात तयार झाले.

आमचे भाई, म्हणजे मालक, एक दिवस जाता जाता ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "बे आंकडामांथी एक राखो ने!" त्यांचं खरं होतं असं बऱ्याच जणांना वाटलं. कोणीतरी सायकल शेडची आठवण काढली. पार्किन्सनने १९५७ मध्ये मांडलेली ती गोष्ट माहीत असेल, अणुभट्टीचा खर्च कमिटी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकल शेडवर पाऊण तास बोलते कारण सायकल शेड सगळ्यांना कळते. आमचा वाद बराचसा तसाच होता, नाकारत नाही. पण पूर्ण नाही.

कारण ताईंचा मुद्दा वेगळाच निघाला, आणि तो त्यांनी महिनाभर नीट बोलूनच दाखवला नव्हता. त्या ७९ म्हणत होत्या ते पेप-८ च्या प्रेमापोटी नाही. त्यांचे डोळे दुखतात. त्या ब्राउझर सव्वाशे टक्के झूमवर ठेवतात, आणि ऑफिसातले निम्म्याहून जास्त रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या बदलांची तपासणी, त्याच करतात. रिव्ह्यूमध्ये जुना कोड डावीकडे आणि नवा उजवीकडे, म्हणजे स्क्रीन आधीच अर्धी. त्यात शंभर-सव्वाशे अक्षरांची ओळ आली की ती दोन ओळींत मोडते, कुठेही, शब्दाच्या मधे सुद्धा, इंडेंट जातं, आणि कंडिशनमधला एक नॉट बदललाय की नाही हे शोधायला नजर वरखाली करावी लागते. एडिटर आपोआप रॅप करतो ना, मग अडचण काय, असं जे म्हणतात त्यांनी एकदा रॅप झालेला डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडची तुलना, अर्धा तास वाचून बघावा.

मग आम्ही जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. एक रिकामी फाइल घेतली, त्यात एक ते नऊ आणि शून्य अशी रांग सलग लिहून दोनशे अक्षरांची ओळ बनवली, तिची पुल रिक्वेस्ट केली, म्हणजे ती रिव्ह्यूला पाठवली, आणि प्रत्येकाने आपापल्या जागी बसून, नेहमीच्या झूमवर, ती दोन भागांच्या व्ह्यूमध्ये उघडली. ओळ कुठे मोडते ते वाचायचं, बस. वीस मिनिटांचं काम. २७ इंचीवाला दीडशेच्या पुढे गेला तरी त्याच्याकडे जागा होती. ताईंच्या स्क्रीनवर नव्वद ओलांडल्यावर कधीतरी मोडली. साइटवाल्या मुलाचा लॅपटॉप जुना, १३६६ पिक्सेलचा, त्याच्याकडे पंच्याऐंशीच्या आसपासच संपली. काकांनी भाग घेतला नाही, ते म्हणाले मला मोजायची गरज नाही.

हा सगळा वाद तिथेच उतरला. १२० मागणाऱ्या मुलाने ताईंच्या खुर्चीत बसून स्वतःचीच एक जुनी पुल रिक्वेस्ट वाचली आणि काही न बोलता उठला. दुसऱ्याच्या स्क्रीनवर आपला कोड कसा दिसतो हे बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं.

८८ ठरलं. ते का, तर ब्लॅक फॉरमॅटरचा डीफॉल्टच ८८ आहे, ऐंशीवर दहा टक्के, वेगळी सेटिंग लागत नाही आणि उद्या नवा माणूस आला तर त्याला सांगावं लागत नाही. ताईंच्या खिडकीत ते बसतं. साइटवाल्याला तीन अक्षरं कमी पडत होती, तो म्हणाला मी रिव्ह्यू फार करत नाही, करायचा झाला तर एकाखाली एक बघेन. ताईंकडे ऐंशीलाच मोडली असती तर मी ब्लॅकमध्ये ७९ सेट केलं असतं आणि त्याचं काही वाटून घेतलं नसतं. आमच्याकडे मोजमाप आणि डीफॉल्ट जवळपास आले हा योगायोग.

फोर्ट्रानचा निकाल वेगळा लागला. तिथे ७२ ला हात लावायचा नाही. मधे एक सूचना आली होती की जीफोर्ट्रानला एक फ्लॅग देऊन फिक्स्ड फॉर्मची हद्द १३२ पर्यंत वाढवता येते, मग प्रश्नच मिटला. काकांनी एका वाक्यात मारली ती. काही जुन्या फाइलींत ७३ च्या पुढे कार्डांचे क्रमांक अजून तसेच आहेत, आजवर कंपायलर ते बघत नव्हता, तो फ्लॅग लावला की ते आकडे कोड म्हणून वाचले जातील. सगळं फ्री फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलमांना ठरलेले अर्थ नसलेल्या पद्धतीत, बदलायचं, जो फोर्ट्रान ९० पासून आहे, तर तपासून चाललेल्या हिशोबाच्या प्रत्येक ओळीला हात लागणार, ती परत तपासायची कोणी? म्हणून जुन्या फाइली तशाच, फक्त ओळ कापली गेल्याची वॉर्निंग आली की बिल्ड थांबतो. बाकीच्या वॉर्निंग अजून बंदच आहेत, त्या उघडायची कोणाची छाती नाही. ते कार्डांचे क्रमांक मात्र त्यासाठी एकदा बसून काढावे लागले, काढताना काका शेजारी उभे. नवी फाइल आली तर फ्री फॉर्म.

पायथनवर ब्लॅक चालवायचं काम सरळ झालं. उघड्या ब्रँच, म्हणजे वेगळी चाललेली कामं, आधी मुख्य कोडमध्ये मर्ज करून घेतल्या, एकाच कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या एका बदलात, सगळं फॉरमॅट केलं, दुसरं काहीही त्या कमिटमध्ये नाही, आणि त्याचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, गिट ब्लेमने (कुठली ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) दुर्लक्ष करायच्या यादीत टाकला. ही सोय गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे आणि अजून कितीतरी टीम नुसत्या ब्लेम बिघडेल या भीतीने फॉरमॅटर लावत नाहीत.

दोन जागी ब्लॅकला लांब ठेवावं लागलं. एक म्हणजे वाफेच्या प्रॉपर्टीचे टेबल. आयएपीडब्ल्यूएस या पाणी-वाफेच्या गुणधर्मांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १९९७ च्या फॉर्म्युलेशनमध्ये रीजन १ साठी ३४ टर्म आहेत, प्रत्येकीला दोन घातांक आणि एक कोइफिशंट. आमच्याकडे त्या तीन याद्या होत्या, छान रांगेत लावलेल्या, छापील कागदाशी ताडून बघता येतील अशा. ब्लॅकने प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत टाकला आणि १०२ ओळींची शेपूट तयार झाली, जी कोणी ताडून बघूच शकत नाही. तिथे फॉरमॅटिंग बंद. दुसरी जागा म्हणजे गुजराती मेसेजची फाइल, ऑपरेटरला स्क्रीनवर गुजरातीत सूचना दिसतात. तिथे लांबी मोजण्यालाच अर्थ राहत नाही, क्षमता हा शब्द घ्या, गुजरातीत लिहा नाहीतर मराठीत, डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात आणि पायथनच्या हिशोबात सहा भरतात, कारण हलन्त आणि काना पण वेगवेगळे मोजले जातात. ती फाइल चेकमधून वगळली.

आता काका. ते पायथन थोडंफार लिहितात, आणि हट्टाने ७२ च्या आत. ब्लॅकची गंमत अशी की तो लांब ओळ तोडतो तसाच तोडलेली ओळ ८८ मध्ये बसत असेल तर परत जोडतो. काकांनी एक फंक्शन कॉल व्यवस्थित चार ओळींत मांडला, सेव्ह केलं, आणि तो एका ओळीत आला. त्यांनी परत तोडला. परत जोडला गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला हाक मारली, आवाज असा की कोणीतरी त्यांचा चष्मा लपवलाय. त्या १२० वाल्या मुलानेच येऊन दाखवलं की काका, शेवटच्या आर्ग्युमेंटनंतर एक स्वल्पविराम द्या, मग तो ओळी जोडत नाही, एकाखाली एकच ठेवतो. तेव्हापासून काकांच्या प्रत्येक कॉलला शेवटी स्वल्पविराम असतो, आणि खरं सांगायचं तर ते वाचायला बरंच पडतं, नवं आर्ग्युमेंट आलं तरी डिफमध्ये एकच ओळ दिसते, त्यामुळे आता आम्ही बाकीचे पण मोठ्या कॉलला तसंच करतो.

कॉमेंटचं म्हणाल तर ब्लॅक कॉमेंटच्या ओळी तोडतही नाही आणि जोडतही नाही. आणि पेप-८ मध्ये कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंगसाठी (कोडच्या आतच लिहिलेल्या वर्णनासाठी) चक्क ७२ लिहिलेत. हे ताईंनी काकांना दाखवल्यावर त्यांनी त्या पानाचा प्रिंट काढून घेतला.

रिपोर्टच्या एचटीएमएल टेम्प्लेट तेवढ्या राहिल्यात. ब्लॅक त्यांना हात लावत नाही, तीनशे-तीनशे अक्षरांच्या ओळी आहेत तिथे, आणि ताईंनी त्याची यादी काढायला घेतलीये. तो विषय दिवाळीनंतर.